आकाशातला काटा बरोबर आहे का? हायपरस्पेक्ट्रल उपग्रहाबद्दल सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रिमोट सेन्सिंग (उपग्रहावरून, दुरून जमीन मोजणं) शिकवतो आणि हिवाळ्यात पोरांना घेऊन सोलापूरच्या आसपास शेतांतून मोजमापं करत हिंडतो. उपग्रहाचं चित्र दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘यावरून काय काय कळतं?’ त्याच्याआधी विचारायचा प्रश्न खरं तर दुसराच आहे आणि तो आपल्या जिल्ह्यात कुणाला शिकवावा लागत नाही. कारखान्याला ऊस घालणारा प्रत्येक जण तो विचारतो: काटा बरोबर आहे का? या पानावर वर्गात, बांधावर आणि चहाच्या टपरीवर आलेले प्रश्न एकत्र केले आहेत.

हायपरस्पेक्ट्रल म्हणजे साध्या उपग्रहचित्रापेक्षा वेगळं काय?

मोबाईलचा कॅमेरा प्रकाशाचे तीन वाटे करतो: लाल, हिरवा, निळा. सेंटिनेल-२ उपग्रह १३ वाटे करतो. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा बहुतेक वेळा दोनशेहून जास्त करतो, तेही एकमेकाला लागून, मध्ये फट न ठेवता. असा प्रत्येक वाटा म्हणजे एक पट्टा, साधारण १० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) किंवा त्याहून कमी रुंदीचा. आपल्या डोळ्याला सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो, यातले बरेच कॅमेरे २५००च्या आसपासपर्यंत जातात. त्यामुळे प्रत्येक पिक्सेलचा, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा, एक अख्खा आलेख हाती येतो. पानातलं पाणी, हरितद्रव्य, मातीतली चिकणमाती, प्रत्येकाची खूण त्या आलेखात आपापल्या जागी खड्डा पाडून बसलेली असते.

असे उपग्रह आहेत तरी किती? आपला एखादा आहे का?

नासाच्या ईओ-१ उपग्रहावरचा हायपेरियन २००० साली गेला आणि २०१७ पर्यंत चालला. आपला आयएमएस-१ हा २८ एप्रिल २००८ ला ६४ पट्ट्यांचा छोटा कॅमेरा घेऊन गेला. इस्रोचा हायसिस २९ नोव्हेंबर २०१८ ला पीएसएलव्ही-सी४३ वरून निघाला, वजन ३८० किलो, कक्षा सुमारे ६३६ किलोमीटरवर. इटलीचा प्रिझ्मा २०१९ चा, जर्मनीचा एनमॅप १ एप्रिल २०२२ चा. नासाचा एमिट त्याच वर्षी जुलैमध्ये अंतराळ स्थानकावर बसवला गेला. बेंगळुरूच्या पिक्सेल कंपनीचे पहिले तीन फायरफ्लाय उपग्रह १४ जानेवारी २०२५ ला गेले.

एका पिक्सेलमध्ये माझं किती रान येतं?

एनमॅप किंवा प्रिझ्माचा पिक्सेल ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटर, जवळजवळ ९ गुंठे. एमिटचा ६० मीटरचा, म्हणजे साडेपस्तीस गुंठे, एकराला थोडाच कमी. हा आकडा लक्षात ठेवा, डाळिंबाच्या प्रश्नात लागेल.

कॅलिब्रेशन म्हणजे एका वाक्यात काय?

डिटेक्टर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) फक्त एक कोरा आकडा देतो, समजा १८७३, आणि हा आकडा म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा (म्हणजे रंगाचा), जमिनीच्या नेमक्या कोणत्या तुकड्यावरून आलेला, किती प्रकाश, हे ठरवणं म्हणजे कॅलिब्रेशन. यात तीन वेगवेगळी कामं आहेत. किती प्रकाश हे रेडिओमेट्रिक, कोणती तरंगलांबी हे स्पेक्ट्रल आणि कुठला तुकडा हे जिओमेट्रिक. तिन्हींपैकी एक जरी चुकलं तरी बाकीची दोन बरोबर असून काही उपयोग नाही.

जमिनीवर सगळं तपासूनच पाठवतात ना? मग पुन्हा पुन्हा कशाला?

पाठवण्याआधी महिनोन्‌महिने तपासतात हे खरं. आतून पांढरा लेप दिलेल्या मोठ्या पोकळ गोलात दिवे लावतात. प्रकाश आत इतक्या वेळा आपटतो की तोंडाशी सगळीकडे सारखा होऊन बाहेर येतो, आणि कॅमेरा त्याच्याकडे बघतो. शिवाय एका वेळी एकच तरंगलांबी सोडणाऱ्या उपकरणाने प्रत्येक पट्ट्याचा मध्य शोधतात.

पण वजनकाटा दुसऱ्या गावाला नेताना ट्रकमध्ये घालून खडबडीत रस्त्याने नेला, तर पोचल्यावर तुम्ही त्याच्यावर तसाच ऊस घालाल का? रॉकेटची थरथर त्या रस्त्यापेक्षा फार वाईट. वर गेल्यावर गुरुत्वाकर्षणाचा ताण निघून जातो, सांगाड्यात मुरलेली ओल निर्वातात हळूहळू बाहेर पडते, एका बाजूला ऊन तर दुसऱ्या बाजूला गारठा. आरसा केसाच्या जाडीहून कितीतरी कमी सरकला तरी डिटेक्टरवर रंग शेजारच्या ओळीत पडतो. हवा नसल्यानेही फरक पडतो: ७६० नॅनोमीटरजवळ हवेतली आणि निर्वातातली तरंगलांबी सुमारे ०.२ नॅनोमीटरने वेगळी असते. आणि वर्षं जातील तसे दिवे, आरसे, डिटेक्टर सगळेच म्हातारे होतात.

चित्रात उभ्या रेघा का दिसतात? डाटा खराब आहे का?

या प्रश्नाचं उत्तर यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला मी सगळ्यात पटकन समजावू शकतो. हे कॅमेरे एका वेळी जमिनीची एकच आडवी ओळ बघतात आणि उपग्रह पुढे सरकतो तशी ओळीला ओळ लागत जाते. सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर वेग, म्हणजे ३० मीटरच्या एका ओळीला चार-पाच मिलिसेकंद मिळतात. ओळीतल्या प्रत्येक जागेसाठी डिटेक्टरचा एक ठरलेला स्तंभ असतो. तो स्तंभ म्हणजे ताण्यातला उभा धागा. एक धागा ढिला राहिला तर चादरीवर एका जागी डाग पडत नाही, टोकापासून टोकापर्यंत रेघ उतरते. डिटेक्टरच्या एका स्तंभाची दाद शेजाऱ्यापेक्षा एक टक्का कमी असली तर चित्रात अगदी तशीच रेघ उमटते, उपग्रहाच्या जाण्याच्या दिशेने.

उपाय असा: सगळ्या स्तंभांना एकदम सारखा प्रकाश दाखवायचा आणि कोण किती बोलतो ते बघून प्रत्येकाचा गुणक ठरवायचा. वाळवंट किंवा बर्फासारखा एकसारखा प्रदेश त्यासाठी बरा पडतो. काही मोहिमांत उपग्रहच ९० अंश वळवतात, म्हणजे सगळे स्तंभ एकामागोमाग एक जमिनीच्या त्याच पट्टीवरून जातात. जे पिक्सेल कायमचे मेलेत किंवा बडबडे झालेत त्यांची यादी ठेवतात आणि ती वेळोवेळी वाढत जाते. थोडक्यात, रेघ दिसली म्हणून डाटा टाकून देऊ नका, पण रेघ पुसून मिळाली म्हणून मूळ मोजमाप झालं असंही समजू नका. नुसतं चित्र गुळगुळीत करणारे उपाय खरा फरकसुद्धा पुसून टाकतात.

‘स्माइल’ म्हणजे काय? हसण्यासारखं काय आहे त्यात?

हसू येत नाही, घाम येतो. प्रकाश फाकवणाऱ्या भागांमुळे एकच तरंगलांबी डिटेक्टरवर सरळ रेषेत न पडता किंचित वाकून पडते, हसऱ्या ओठांसारखी. परिणाम असा की पट्टा क्रमांक ४० चित्राच्या मध्यभागी समजा ७६० नॅनोमीटरचा असेल, तर कडेला तो ७६१ किंवा ७६२ चा असू शकतो. जुन्या हायपेरियनमध्ये हा वाक काही नॅनोमीटरचा होता.

एक नॅनोमीटरने काय बिघडतं? बहुतेक ठिकाणी फारसं नाही. पण ७६० जवळ हवेतला ऑक्सिजन प्रकाश गिळतो आणि तिथे आलेखाला खोल, अरुंद विहिरीसारखा खड्डा पडतो. विहिरीच्या काठावर उभा असलेला माणूस एक पाऊल सरकला तर काय होतं तेच इथे होतं. हवेचा परिणाम वजा करताना संगणक खड्डा एका जागी धरतो, खरा खड्डा दुसऱ्या जागी असतो, आणि पिकाच्या आलेखावर नसलेलं शिंग उगवतं. नवख्या विद्यार्थ्याला वाटतं, नवीन शोध लागला!

गंमत म्हणजे रोगाचं औषधही त्याच विहिरीत आहे. ऑक्सिजनची ७६० ची खूण, पाण्याच्या वाफेच्या ९४० आणि ११४० जवळच्या खुणा, कार्बन डायऑक्साइडची २००० च्या पुढची, या जागा निसर्गाने पक्क्या केल्यात. संगणकात पट्ट्यांचे मध्य थोडे थोडे सरकवून बघायचे आणि ज्या सरकण्यात खड्डे तंतोतंत बसतात ते खरं धरायचं. त्यासाठी खास चित्र घ्यावं लागत नाही, रोजच्या चित्रावर होतं.

आणि ‘कीस्टोन’?

स्माइलचा चुलतभाऊ. यात रंगाप्रमाणे जागा सरकते. डाळिंबाची बाग आणि उसाचं रान यांच्या बांधावरचा पिक्सेल घ्या. पिक्सेलच्या दहाव्या भागाएवढा कीस्टोन असेल तर ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये निळा प्रकाश एका जागेचा आणि अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा) ३ मीटर सरकलेल्या जागेचा. आलेखाच्या एका बाजूला बागेचा वाटा जास्त, दुसऱ्या बाजूला उसाचा. रानात असं पीकच नसतं.

वर आकाशात प्रमाण वजनं कुठून आणता?

चार ठिकाणांहून, आणि चौघांवरही पूर्ण विश्वास कुणी ठेवत नाही.

पहिला अंधार. झडप लावायची आणि काहीच प्रकाश नसताना डिटेक्टर काय आकडा देतो ते बघायचं. हे म्हणजे रिकामा काटा शून्यावर आहे का बघणं. उष्णतेने डिटेक्टर स्वतःच आकडे देऊ लागतो, म्हणून अवरक्त भागाचे डिटेक्टर बऱ्याचदा उणे शंभर अंशांच्याही खाली थंड ठेवतात.

दुसरा आतला दिवा. सोपा, हवा तेव्हा लावता येतो, पण दिवाच मंद होत चालला की कॅमेरा, हे एकट्या दिव्यावरून कळत नाही.

तिसरा सूर्य. थेट बघता येत नाही, म्हणून पांढऱ्या पाटीवर ऊन घेऊन ती पाटी बघतात. इथे दोन बारकावे आहेत. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ असते आणि जुलैत लांब. दोन्हींतल्या उन्हात सुमारे ७ टक्क्यांचा फरक पडतो, तो आधी काढावा लागतो. दुसरं, पांढरा सदरा उन्हात वाळवून वाळवून पिवळा पडतो तशी ही पाटीही अतिनील किरणांनी निळ्या बाजूला मंदावते. युरोपच्या एन्व्हिसॅटवरच्या मेरिस कॅमेऱ्यात यावर मला फार आवडलेली युक्ती होती: दोन पाट्या. एक दर पंधरा दिवसांनी वापरायची, दुसरी तीन महिन्यांतून एकदाच बाहेर काढायची. दोघींतला फरक वाढला की समजायचं, रोजची पाटी मळली. घरात ठेवणीतलं भांडं असतं ना, तसं.

चौथा चंद्र. त्याच्यावर हवा नाही, पाऊस नाही, पीक नाही. पृष्ठभाग माणसाच्या हिशोबाने बदलतच नाही. सीविफ्स नावाच्या कॅमेऱ्याने १९९७ पासून दर महिन्याला चंद्र बघून स्वतःची उतरण मोजली. हायपेरियननेही चंद्र बघितला. पण कोजागरीचा चंद्र यासाठी चालत नाही! ऐन पौर्णिमेला प्रकाश सरळ मागे फिरतो आणि चंद्र एकाएकी जास्तच उजळतो, म्हणून पौर्णिमेच्या थोडं आधी किंवा नंतर, साधारण ७ अंशांच्या कलेला बघायची पद्धत आहे. चंद्र नेमका किती तेजस्वी यावर अजून काही टक्क्यांची घासाघीस चालते. मात्र ‘गेल्या वर्षापेक्षा किती कमी दिसला’ हे सांगण्यात त्याच्याइतका पक्का साक्षीदार नाही.

मग सोलापूरच्या रानावरूनच उपग्रह तपासता येणार नाही का?

पोरांचा आवडता प्रश्न. प्रामाणिक उत्तर: वरच्या काट्याला माप देण्यासाठी आपलं रान वाईट आहे.

त्या कामाला जागा लागते उजळ, सपाट, मैलभर एकसारखी, कोरडी आणि शक्य तर उंचावरची. अमेरिकेतली रेलरोड व्हॅली, फ्रान्सची ला क्रो, नामिबियातली गोबाबेब, चीनमधली बाओतोऊ अशा ठिकाणी कायमची यंत्रं बसवली आहेत. रॅडकॅलनेट नावाच्या जाळ्यातून दर अर्ध्या तासाचा हिशोब मिळतो: या क्षणी हवेच्या वरून ही जमीन कशी दिसायला हवी. लिबियाच्या वाळवंटात तर कुणी जातही नाही, ते इतकं स्थिर आहे की नुसतं वरून बघत राहतात. आपल्याकडे कच्छच्या रणात इस्रोच्या शास्त्रज्ञांनी अशी मोजमापं केली आहेत.

आपली माती बेसाल्टची, काळी. ओली असली तर दहा टक्केही प्रकाश परत देत नाही. त्यात दोन एकर ज्वारी, शेजारी कांदा, मध्ये बाभळीचा बांध. मापच नाही धरत.

पण तपासणीची दुसरी पायरी, म्हणजे ‘तुमचं उत्तर आमच्या रानात खरं ठरतं का’, ती इथेच करायची आणि ती आम्ही करतो. ज्वारी निघालेलं, नांगरलेलं मोठं रान बघायचं. उपग्रह साडेदहा-अकराच्या सुमारास जातो, त्याच्या आगेमागे तास-अर्धा तास हातातल्या स्पेक्ट्रोरेडिओमीटरने (प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश मोजणारं यंत्र) ओळीने मोजत जायचं. दर काही मिनिटांनी एक पांढरी पाटी मोजायची, जी ९९ टक्के प्रकाश परत देते. मालक बांधावरून विचारतात, ‘सर, हे ताट कशाचं?’

एका सकाळी मातीचे आकडे मध्येच चार टक्क्यांनी वर गेले. आभाळ निरभ्र, यंत्र ठीक, माती तीच. अर्धा तास डोकं खाजवल्यावर एकाने पाटी उन्हात तिरकी धरली तेव्हा दिसलं: कोपऱ्यापासून मध्यापर्यंत अंगठ्याचा काळा ठसा. पाटी काळवंडली की तिच्याशी तुलना केलेली माती उगाच उजळ निघते. त्याच दिवशी आणखी एक जण भगवा टी-शर्ट घालून पाटीला खेटून उभा होता, त्याचाही रंग पाटीवर उतरला. तेव्हापासून काळे कपडे आणि पाटीच्या कडेलाच हात, हा नियम. ‘अंत्ययात्रेला चाललाय का ओ?’ असं एका अण्णांनी विचारलंही.

उजनीचं पाणी हिरवं दिसतं. ते उपग्रहावरून मोजणं तर सोपं असेल?

उलट, सगळ्यात अवघड. पाणी फार कमी प्रकाश परत देतं. वर पोचलेल्या प्रकाशाचे १०० भाग धरले तर निळ्या बाजूला त्यातले ९० पर्यंत हवेतूनच आलेले असू शकतात, पाण्याचे उरले १०. आता काटा फक्त ३ टक्के जास्त दाखवतोय असं समजा. १०० चे १०३ झाले. हवेचे ९० वजा केले, उरले १३. खरे होते १०. वर ३ टक्के चूक, खाली ३० टक्के. रानासाठी चालणारा काटा धरणासाठी चालत नाही तो असा. निळ-हरित शेवाळातलं फायकोसायनिन ६२० नॅनोमीटरजवळ प्रकाश गिळतं. तो बारीक खड्डा बघायला हायपरस्पेक्ट्रल चांगला उपयोगी पडतो, पण कॅलिब्रेशन कच्चं असेल तर तो खड्डा हवेच्या हिशोबात बुडून जातो.

मग अचूकता किती असते? टक्क्यात सांगा.

एनमॅपच्या अटी उघड आहेत: प्रकाशाच्या मोजमापात ५ टक्क्यांच्या आत, तरंगलांबीत दृश्य भागात अर्धा आणि लघु-अवरक्त भागात एक नॅनोमीटर.

हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, हे तर काटा मारतंय की!’ बरोबर आहे. वीस टनांच्या ट्रॉलीत ५ टक्के म्हणजे एक टन, कुणीही भांडेल. फरक एवढाच की खड्ड्याची खोली आपण शेजारच्या पट्ट्यांशी तुलना करून मोजतो. सगळे पट्टे एकाच प्रमाणात चुकले तर खड्ड्याचा आकार तोच राहतो. पट्ट्यापट्ट्यातली आपसातली चूक खरी घातक, आणि ती ५ टक्क्यांपेक्षा बरीच कमी ठेवावी लागते.

देखरेख म्हणजे रोज काय बघतात?

मुख्यतः आलेख. अंधाराचा आकडा, दिव्याचा आकडा, डिटेक्टरचं तापमान, मेलेल्या पिक्सेलची संख्या, ऑक्सिजनच्या खड्ड्याची जागा, त्याच दिवशी त्याच जागेवरून गेलेल्या लँडसॅट किंवा सेंटिनेल-२ शी फरक. हळूहळू उतरत जाणारी रेषा कुणाला घाबरवत नाही, ते म्हातारपण आहे, गुणक बदलून भरून काढतात. एकाएकी पायरी आली की फोन वाजतात: यंत्रात काही झालं, की कुणी सॉफ्टवेअर बदललं?

ही पायरी वापरणाऱ्यालाही गाठते. आमच्याच एका आलेखात जानेवारी २०२२ च्या शेवटी ज्वारीचा हिरवेपणाचा निर्देशांक, एनडीव्हीआय (अवरक्त आणि लाल यांची वजाबाकी भागिले बेरीज), धाडकन ०.७८ वरून ०.५४ वर आला. पोरांनी कीड लिहिली, पाण्याचा ताण लिहिला. मी पण मान डोलावली, हे कबूल करतो. रान मात्र डुलत होतं. कारण निघालं कागदावरचं: २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० (परावर्तनाच्या हिशोबात ०.१) मिळवून द्यायला सुरुवात झाली होती, ते वजा करायचं आम्ही विसरलो. लाल ०.०५ चं ०.१५ झालं, अवरक्त ०.४० चं ०.५० झालं, वजाबाकी तीच, बेरीज वाढली, निर्देशांक पडला. हे जाहीर केलेलं होतं, वाचलं आम्ही नव्हतं. तेव्हापासून चित्राबरोबर येणारी माहितीची फाईल आधी उघडायची, चित्र नंतर.

डाळिंबावरचा तेल्या रोग उपग्रहावरून दिसेल का?

ज्यांना हे विकायला कुणी आलंय त्यांनी पिक्सेलचे ९ गुंठे आठवावेत. त्यात झाडं, दोन ओळींमधली मोकळी माती, ठिबकची ओल आणि सावली, सगळ्यांचा मिळून एकच आलेख. फळावरचा तेलकट डाग त्यात वेगळा निघणार नाही. बाग सरसकट पिवळी पडली, पानं गळली तर बदल दिसेल, पण तेव्हा तो तुम्हालाही दिसत असेल, आणि बहार धरण्याआधी मुद्दाम केलेली पानगळही वरून तशीच दिसते. विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: पिक्सेल केवढा, आणि शेवटचं कॅलिब्रेशन कधीचं.

डाटा फुकट मिळतो का?

हायपेरियनचा जुना आणि एमिटचा डाटा कुणालाही मोफत. एनमॅप, प्रिझ्मा अभ्यासासाठी नोंदणी करून. विकिरण (कॅमेऱ्यापर्यंत पोचलेला प्रकाश), हवेच्या वरचं परावर्तन आणि जमिनीचं परावर्तन असे वेगवेगळे टप्पे दिसतील. स्माइल, रेघा वगैरे शिकायच्या असतील तर पहिला टप्पा घ्या.

घरी किंवा शाळेत हे करून बघता येईल का?

येतं, आणि खर्च जवळजवळ नाही. जुनी डीव्हीडी सोलून तिचा पारदर्शक थर मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर लावा. पुठ्ठ्याच्या काळ्या खोक्याला एका बाजूला ब्लेडने बारीक चीर पाडा. चिरीतून अडगळीतला सीएफएल किंवा जुनी ट्यूबलाईट बघा. एलईडी नको, त्यात रेषा नसतात. फोटोत वेगळ्या रेषा दिसतील. त्यातली जांभळट-निळी पाऱ्याची, ४३५.८ नॅनोमीटर. ठळक हिरव्यात पाऱ्याची रेष आहे ती ५४६.१ ची. निळी समजा ४१० व्या पिक्सेलवर आणि हिरवी ७४० व्या पिक्सेलवर पडली, तर ३३० पिक्सेलमध्ये ११०.३ नॅनोमीटर, एका पिक्सेलला एक तृतीयांश. झालं तुमचं स्पेक्ट्रल कॅलिब्रेशन.

आता मोबाईल काढा, पुन्हा लावा आणि परत फोटो घ्या. हिरवी रेष ७४० वर राहिली नसेल. सहा पिक्सेल सरकली असेल तर दोन नॅनोमीटरची चूक, नुसत्या हात लागण्याने.